वरवरचं पाणी

गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटी आमच्या गावात ग्रामसभा होती. विषय नेहमीचाच, पाणी. कोरम कसाबसा भरलेला, लाइट गेल्यामुळे पंखे बंद आणि बाया मागच्या भिंतीला टेकून पदराने वारा घेत बसलेल्या. टँकरचं रडगाणं झालं, नळयोजनेच्या मोटारीचं झालं, आणि मग आमचा सरपंच, म्हणजे माझ्या पुतण्याच्या वर्गातलाच पोरगा, एकदम माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, तुम्ही पंधरा वर्षं अरबांना समुद्राचं पाणी गोडं करून पाजलात. आपल्या दारात एवढा समुद्र हाय, बसवून टाका की एक प्लांट." सभा हसली. मीपण हसलो. पण खरं सांगायचं तर त्याने बरोबर वर्मावर बोट ठेवलं होतं, कारण गावी कायमचा परत आल्यापासून हाच प्रश्न मला स्वतःलाच छळत होता आणि मी तो टाळत होतो.

आमचं गाव दाभोळच्या खाडीच्या दक्षिणेला, गुहागर तालुक्यात. पाऊस म्हणाल तर तीन-साडेतीन हजार मिलिमीटर, जून-जुलैत छपरावरून पागोळ्या नाही, धबधबेच पडतात. आणि मे उजाडला की बायका विहिरीच्या काठावर कळश्यांची रांग लावून बसतात, झरा पाझरेल तसं वाटीवाटीने पाणी भरायला. 'धरण उशाला, कोरड घशाला' म्हणतात, आमच्याकडे उशाला धरण नाही, समुद्र आहे, एवढाच फरक.

त्या रात्री मी कागद-पेन घेऊन बसलो. गावची वस्ती धरा नऊशे. सरकारी हिशेब माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे झालं पन्नास हजार लिटर. मोठ्या प्लांटला समुद्राचं हजार लिटर पाणी गोडं करायला साडेतीन-चार युनिट वीज लागते, लहान प्लांट तेवढा काटकसरी नसतो, त्याला पाच-सहा धरा. म्हणजे दिवसाला पावणेतीनशे युनिट, महिन्याला आठ हजारांच्या पुढे. युनिटला आठ रुपये धरले तरी पासष्ट हजार रुपये महिना, नुसती वीज, त्यात फिल्टर नाही, केमिकल नाही, माणसाचा पगार नाही. आणि ज्या गावाने आहे त्याच नळयोजनेचं बिल थकवून दोनदा लाइन कापून घेतली त्या गावाला मी हे सांगणार? बरं, पाणी कमी पडतं ते वर्षातले फक्त पन्नास-साठ दिवस. मेम्ब्रेन, म्हणजे मीठ अडवणारा पातळ पडदा, ही चीज अशी आहे की ती उरलेले दहा महिने कुलूप लावून ठेवता येत नाही. सुकली की मेली. औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवावी लागते, ते पाणी अधूनमधून बदलावं लागतं, थोडक्यात लहान पोरासारखं सगळं करावं लागतं. ते करणार कोण? परत मीच.

कागद घडी करून कॅलेंडरच्या मागे खोचून टाकला. पण झोप काही लागली नाही, जुनं सगळं आठवत बसलो.

१९९९ ला मी कुवेतला गेलो तेव्हा मला वाटलेलं, समुद्राचं पाणी गोडं करतात म्हणजे मोठमोठ्या कढयांत उकळत असतील. तसं म्हटलं तर फार चूक नव्हतं. तिथला प्लांट जुन्या पद्धतीचा होता, वाफेवर चालणारा. समुद्राचं पाणी शंभर डिग्रीच्या आसपास तापवायचं आणि एकामागून एक वीस-बावीस बंद खोल्यांतून सोडायचं, प्रत्येक खोलीतला हवेचा दाब आधीच्या खोलीपेक्षा कमी. महाबळेश्वरला डाळ शिजायला वेळ लागतो ना, कारण वर हवा विरळ आणि पाणी लवकर उकळतं, तीच गंमत इथे मुद्दाम घडवलेली. प्रत्येक खोलीत शिरलं की पाणी भसकन उकळतं, वाफ वर जाते, थंड नळ्यांवर जमते आणि खाली पन्हळीत टपटप पडते. ते गोडं पाणी. नळ्यांना आतून क्षाराची पुटं चढू नयेत म्हणून पाण्याबरोबर रबरी स्पंजाचे छोटे छोटे गोळे फिरवत असायचे, लिंबाएवढे, ते नळ्या घासत पुढे जायचे, पलीकडे जाळीत अडकायचे, परत फिरायचे. पहिल्या आठवड्यात मला ते गोळे मोजायचं काम दिलेलं. घरी पत्रात काय लिहू तेच कळेना. इंजिनिअर झालो आणि चेंडू मोजतोय.

कुवेतला एकही नदी नाही. तेल सापडायच्या आधी तिथली माणसं लाकडी गलबतांतून शत्त-अल-अरबचं पाणी आणून प्यायची, म्हणजे इराकच्या बाजूच्या नदीचं, आणि ते गाढवांवर लादून गल्लीगल्लीत विकलं जायचं. तीच गलबतं खजूर घेऊन मुंबईलाही यायची आणि परत जाताना मलबारचं सागवान न्यायची. म्हणजे ज्या गलबतातून तिकडच्या पोरांना पाणी मिळायचं त्याचं लाकूड आमच्या किनाऱ्याचं, हे मला तिथल्या एका म्हाताऱ्या फोरमनने सांगितलं तेव्हा उगाचच बरं वाटलेलं. मग १९५३ ला शुवैखला दिवसाला दहा लाख गॅलनचा प्लांट उभा राहिला आणि गलबतांचं काम संपलं. आज तिथे नळाला येणारं जवळजवळ सगळं पाणी समुद्राचं. त्यांच्याकडे दुसरा पर्यायच नाही हो, आणि तेल आहे. पाणी म्हणजे तिथे तेलाचंच दुसरं रूप.

एक गोष्ट मात्र तिथे पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी खोखो हसलो होतो. वाफेचं पाणी इतकं शुद्ध असतं की ते पिववत नाही, आणि वर भुकेल्यासारखं पाइपातलं लोखंड खातं. म्हणून शेवटी त्यात थोडं जमिनीतलं खारट पाणी परत मिसळतात. म्हणजे मीठ काढायला एवढं तेल जाळायचं आणि सगळं झाल्यावर चिमूटभर परत घालायचं.

२००६ ला मी ओमानला आलो, ह्या वेळी नव्या पद्धतीच्या प्लांटवर. आपल्या किचनमध्ये जो आरओ असतो तोच, फक्त राक्षसाएवढा. तत्त्व सोपं आहे, गोडं पाणी आणि खारं पाणी ह्यांच्यामधे बारीक पडदा ठेवला तर गोडं पाणी आपोआप खाऱ्याकडे ओढलं जातं, तो निसर्गाचा कल. आपल्याला उलटं हवं असतं. मग खाऱ्या पाण्याला मागून इतका दाब द्यायचा की ते स्वतःतलं पाणी पडद्यापलीकडे सोडेल आणि मीठ मागे ठेवेल. तो दाब साठ-पासष्ट बार, तुमच्या गाडीच्या टायरात हवा असते त्याच्या अठ्ठावीस-तीसपट. त्या पंपांच्या हॉलमध्ये कानात बोळे घातल्याशिवाय उभं राहता यायचं नाही, आवाज कानाने नाही, बरगड्यांनी ऐकू यायचा. असा पडदा कामाचा होईल हे अमेरिकेत ज्या दोघांनी १९६० च्या सुमारास दाखवून दिलं त्यातले एक आपले सौरीराजन, दुसरे लोएब. आपल्याकडे सौरीराजन हे नाव कुणाला माहीत नसतं, मला तरी प्लांटवर जाईपर्यंत कुठे माहीत होतं.

मेम्ब्रेन मी पहिल्यांदा कापून बघितली ती खराब झाल्यामुळे बाद केलेली. आत काय असेल ह्याचं भलतंच कुतूहल होतं. बघतो तर काय, सुरळीची वडी! पातळ पडदा, जाळी, परत पडदा, असं सगळं एका भोकाभोकाच्या नळीभोवती घट्ट गुंडाळलेलं. बाहेरून दाबाने खारं पाणी घुसतं, थरातून थरातून फिरत गोडं होऊन मधल्या नळीत गोळा होतं. आणि शंभर लिटर समुद्र आत घेतला तर चाळीस-पंचेचाळीस लिटर गोडं मिळतं, बाकीचं जवळजवळ दुप्पट खारट होऊन परत समुद्रात. हे लोकांना सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो. त्यांना वाटत असतं मीठ कुठेतरी पोत्यात भरून निघत असेल.

पण माझं रोजचं काम काय होतं विचाराल तर एक कागद बघणं. खरंच. मेम्ब्रेनला गढूळ पाणी चालत नाही, म्हणून समुद्राचं पाणी आधी गाळून गाळून आत सोडतात, आणि ते पुरेसं गाळलंय का बघायला एक टेस्ट असते. नाण्यापेक्षा थोडा मोठा गोल पांढरा कागद, त्यातून पंधरा मिनिटं पाणी सोडायचं आणि किती वेळात किती पाणी गेलं ते मोजायचं. उत्तर तीनच्या आत आलं तर निवांत, पाचच्या वर गेलं तर प्लांट बंद करायची तयारी. पण आम्ही जुने लोक आकड्याच्या आधी कागदच बघायचो. पाणी चांगलं असेल तर कागदावर चहा सांडून पुसल्यासारखा फिका डाग. वारं उलटं असेल, समुद्र ढवळला असेल तर डाग गडद. प्रत्येक शिफ्टचा कागद तारीख घालून वहीत चिकटवायचा. त्या वह्या म्हणजे समुद्राची डायरी होती.

२००८ च्या हिवाळ्यात ती डायरी काळी पडली. तांबडी लाट आली, रेड टाइड. समुद्रातलं एक सूक्ष्म शेवाळ इतकं माजलं की पाणी तांबूस चिकट व्हायला लागलं, मासे मरून किनाऱ्यावर, आणि वास असा की जेवण जायचं नाही. ओमानपासून अमिरातीपर्यंत सगळ्या किनाऱ्यावर ही लाट आठेक महिने कुठे ना कुठे होती आणि कितीतरी प्लांट बंद ठेवावे लागले. आमचाही. कागद पंधरा मिनिटं टिकायचाच नाही, पाच मिनिटांत तुंबून बसायचा, वर तपकिरी साय. कंट्रोल रूममध्ये आम्ही दहा-बारा जण नुसते स्क्रीनकडे बघत बसलेलो, सगळे पंप लाल. समोर क्षितिजापर्यंत पाणी आणि शहराच्या टाक्यांत किती दिवसांचं उरलंय ह्याचे फोन दर तासाला. त्या आठवड्यात मला पहिल्यांदा भीती वाटली. आटलेल्या विहिरीची भीती मला लहानपणापासून माहीत होती, भरलेल्या समुद्राची नव्हती.

आई ओमानला एकदाच आली, २०१० च्या डिसेंबरात. बरोबर कोकम, कुळीथ पीठ आणि घरचे तांदूळ. आल्या आल्या तिने नळाखाली ओंजळ धरली आणि विचारलं, "ह्यात डाळ शिजते?" म्हटलं शिजते. "साबणाला फेस येतो?" येतो. मग एक घोट घेतला, तोंडात जरा वेळ घोळवला, आणि म्हणाली, "बिनमिठाची पेज." मी तिला हौसेने प्लांट दाखवायला घेऊन गेलो, परवानगी काढून, डोक्यावर हेल्मेट, साडीवर पिवळं जाकीट. पंपांच्या हॉलच्या दारातच ती थांबली, आत यायलाच तयार नाही. गाडीत बसल्यावर म्हणाली, "एवढा आकांत करतंय पाणी."

आता तिच्या त्या प्रश्नांबद्दल सांगतो. आमच्या विहिरीचं पाणी वर्षातले दहा महिने गोडं आणि मेमध्ये मचूळ. मचूळ झालं की तूरडाळ तीन शिट्ट्यांऐवजी सहा शिट्ट्या केल्या तरी टणक, साबण नुसता घासला जातो, आणि चहात दूध घातलं की कधी कधी फुटतं. घराघरात ही लक्षणं पाठ. विहिरीवर आईची एक शिस्त होती, पोहरा अलगद सोडायचा, आपटायचा नाही, बुडवायचा नाही. आडवा करून वरचं पाणी घ्यायचं. आम्ही पोरं मजेत धपकन सोडायचो तर ती घरातून ओरडायची, "वरवरचं घे रे, तळ ढवळू नको, खालचं जागं होईल." खालचं म्हणजे खारं. आम्हाला वाटायचं खाली कोणीतरी राहतं.

पुढे प्लांटवर एका ट्रेनिंगमध्ये एक साहेब फळ्यावर चित्र काढून समजावत होता, किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण खारं पाणी शेकडा अडीच टक्के जड. समुद्राच्या पातळीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल तर खाली साधारण चाळीस फुटांपर्यंत गोडंच सापडतं. पण त्याचा उलटा अर्थ असा की वरचं एक फूट उपसलंत की हळूहळू खालून खारं पाणी चाळीस फूट वर सरकतं. मी वहीत लिहून घेता घेता थांबलो. च्यायला, हे तर आईचं!

सिंधुदुर्ग किल्ल्यात तुम्ही गेला असाल. कुरटे बेट, चारही बाजूंनी अरबी समुद्र, आणि आत तीन विहिरी, दूधबाव, दहीबाव, साखरबाव, तिन्हींचं पाणी गोडं. गाइड लोक चमत्कार म्हणून सांगतात. मला तो चमत्कार वाटत नाही आणि त्यामुळे तो जास्तच आवडतो, साडेतीनशे वर्षांपूर्वी कोणीतरी त्या खडकावर पावसाचं पाणी कुठे मुरतं, कुठे तरंगून राहतं हे नीट बघितलं असणार, मगच नारळ फुटला असणार. त्यांच्याकडे मोटार नव्हती हेही एक. पोहऱ्याने उपसलेलं पाणी आणि दोन हॉर्सपॉवरच्या पंपाने उपसलेलं पाणी विहिरीच्या दृष्टीने सारखं नसतं. आमच्या खालच्या वाडीत चार-पाच वर्षांपूर्वी एक बंगला झाला, पुण्याकडच्या कोणाचा तरी, शनिवार-रविवार येतात, हिरवळीचं लॉन आहे, बोअर मारलीय. त्यानंतर शेजारच्या दोन विहिरी मेऐवजी एप्रिलातच मचूळ व्हायला लागल्या. त्या माणसाला हे कळतसुद्धा नसेल, तो बिसलरी पितो.

आणि आता ज्याने मला खरी झोप लागू दिली नाही ते. आमच्या खाडीत वाशिष्ठी नदी येते, आणि वाशिष्ठीत येतं कोयनेचं पाणी. कोयना धरणातलं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पोफळीला, कोळकेवाडीला उतरवतात, वीज काढतात आणि सोडून देतात. ते चिपळूणवरून खाडीत, खाडीतून दाभोळला, दाभोळहून समुद्रात. वाटेत थोडं उचललं जातं, बाकीचं जातं. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या लवादाने कोयनेचं पाणी असं पश्चिमेला वळवायला ठरवून दिलेली मर्यादा वर्षाला ६७.५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. लिटरात करून बघा, दिवसाला सरासरी ५२० कोटी लिटरच्या वर. अख्ख्या मुंबईला महापालिका रोज देते ते ३९० कोटीच्या आसपास. म्हणजे मुंबई पिऊन उरेल एवढं गोडं पाणी आमच्या दारावरून जातं आणि आमच्यापर्यंत पोचेस्तोवर भरतीच्या पाण्यात मिसळून खारं झालेलं असतं. आणि त्याच चिपळूण, खेडच्या डोंगरातल्या धनगरवाड्यांना मेमध्ये टँकर.

त्या रात्री मी हाही हिशेब केला, अंदाजाचा आहे पण फार चुकायचा नाही. हजार लिटर पाणी सह्याद्रीवरून सहाशेएक मीटर खाली येताना दीडएक युनिट वीज देतं. तेच हजार लिटर समुद्रात गेल्यावर परत गोडं करून घ्यायला साडेतीन युनिट लागतात. मी आयुष्यभर ह्या दुसऱ्या बाजूला नोकरी केली. त्याचे पैसे चांगले मिळाले, घर झालं, मुलीचं शिक्षण झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण गणित असं मांडल्यावर जरा कसंतरी झालं.

ह्याचा अर्थ मी प्लांटच्या विरोधात आहे असा काढू नका. लक्षद्वीपला कवरत्तीवर २००५ ला आपल्या चेन्नईच्या समुद्र तंत्रज्ञान संस्थेने दिवसाला एक लाख लिटरचा प्लांट बसवला, साडेतीनशे मीटर खोलीवरचं थंडगार पाणी वर खेचायचं, वरचं कोमट पाणी कमी दाबात उकळवायचं आणि ती वाफ त्या थंड पाण्याने थिजवायची. काय सुंदर डोकं आहे! त्या बेटांवर नदी नाही, डोंगर नाही, बोटभर जाडीचं तरंगतं गोडं पाणी, ते उपसून संपवायचं की समुद्राकडे जायचं? जायलाच हवं. चेन्नईला मिंजूरला २०१० ला आणि नेम्मेलीला २०१३ ला दिवसाला दहा-दहा कोटी लिटरचे प्लांट झाले, आणि २०१९ च्या उन्हाळ्यात जेव्हा तलावांच्या तळाला भेगा पडल्या आणि जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणायची पाळी आली तेव्हा हेच प्लांट उपयोगी पडले. पावसावर अवलंबून नसलेलं पाणी ही काय चीज आहे ते अशा उन्हाळ्यात कळतं. आपण लातूरला २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी नेलंय, आपल्याला कोणी शिकवायला नको. पण लातूरला समुद्र नाही, तिथे माझं शिक्षण काडीच्या कामाचं नाही.

मुंबईचं मात्र मला नीट ठरवता येत नाही. मनोरीला दिवसाला २० कोटी लिटरचा, पुढे ४० कोटीपर्यंत वाढवता येईल असा प्लांट करायचं २०२१ पासून चाललंय. एका बाजूने बघितलं तर बरोबर, कारण नवीन धरण म्हणजे परत कोणाचं तरी जंगल, कोणाचे तरी पाडे. शहापूर तालुक्याने भातसा, तानसा सगळं पोटात घेतलं आणि स्वतः टँकरच्या मागे धावतोय, त्यांना अजून काय मागणार? समुद्राकडून घेताना निदान कोणाचं घर उठवावं लागत नाही. कोळ्यांना काळजी वाटते ती वेगळी, आणि ती खोटी नाही, दुप्पट खारट पाणी जड असतं, ते नीट पसरवून सोडलं नाही तर तळाशी बसतं आणि तळाशीच कोळंबी असते. पण ते इंजिनिअरिंगने सांभाळता येतं, आम्ही सांभाळायचो, तोंडाला फवारे असलेली पाइप दूर आत नेऊन. दुसऱ्या बाजूने बघितलं तर मुंबईच्या रोजच्या पाण्यातला पाव ते तिसरा हिस्सा गळती आणि चोरीत जातो. पाव जरी धरला तरी ९५ कोटी लिटरच्या वर. म्हणजे मनोरीचे जवळजवळ पाच प्लांट रोज जमिनीत मुरतायत. मनोरीला रोज सातेक लाख युनिट वीज जाळून वीस कोटी लिटर काढायचं आणि त्याच फुटक्या पाइपात सोडायचं? माझ्यातला ऑपरेटर म्हणतो बांधा. माझ्यातला आईचा मुलगा म्हणतो आधी कळशीचं भोक बुजवा. दोघांचं अजून पटलेलं नाही.

(चिपळूणला २०२१ च्या जुलैत पूर आला तेव्हा मी दोन दिवसांनी मदतीला गेलो होतो. दुकानांच्या माळ्यापर्यंत चिखलाच्या रेषा. आणि आम्ही टेम्पोतून काय वाटत होतो? पाण्याच्या बाटल्या.)

तर ग्रामसभा. पुढच्या सभेला मी तो कागद घेऊन गेलो आणि सगळं वाचून दाखवलं. पासष्ट हजार ऐकल्यावर कोणी हसलं नाही. मग एका म्हाताऱ्या काकांनी विचारलं, "मग तिथं शिकलास काय तू?" मी म्हटलं, पाणी समुद्रात गेल्यावर महाग पडतं एवढं शिकलो. ते म्हणाले, "हां, मग आधी अडव."

डिसेंबरात आम्ही विहिरीच्या वरच्या अंगाला पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, वनराई बंधारा घातला. बंगल्यांच्या कामावरून सिमेंटच्या रिकाम्या गोण्या गोळा केल्या, साडेपाचशे भरल्या, शाळेची पोरं रांगेत उभी राहून हातोहात पुढे देत होती. पहिल्या दिवशी रचलेला बांध रात्रीत एका बाजूने ढासळला, कारण मी इंजिनिअर म्हणून सगळ्यांना शहाणपण शिकवत होतो आणि पायथ्याला माती कमी घातली होती. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्या काकांनी स्वतः उभं राहून घालून घेतला, तो टिकला. मागे कमरेएवढं पाणी तुंबलं, फेब्रुवारीपर्यंत होतं, मग आटलं. पोरं त्यात खेकडे धरायची.

ओमानहून आणलेलं टीडीएसचं, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं मीटर माझ्याकडे अजून आहे, पेनाएवढं. एप्रिलपासून मी रोज सकाळी विहिरीचं पाणी मोजत होतो आणि वहीत लिहीत होतो, सवय जात नाही. ४१०, ४३०, ४७०. आई आता विहिरीवर येत नाही, गुडघे साथ देत नाहीत, पण पाणी घरात आलं की आधी एक घोट घेते. मेच्या वीस तारखेला मीटरने ९८० दाखवलं. मी मनाशी म्हटलं सरकारी निकषात अजून चालतं, दोन हजारापर्यंत चालवून घेतात. स्वयंपाकघरातून आवाज आला, "मचूळ लागलं रे आज."

वही काढून मागच्या वर्षीची तारीख बघितली. दहा मे.

संध्याकाळी सरपंच भेटला नाक्यावर, त्याला सांगितलं, बंधाऱ्याने दहा दिवस मिळाले. तो जरा वेळ गप्प उभा राहिला, बोटांवर काहीतरी मोजलं, म्हणाला, "म्हणजे अजून चार बंधारे घातले तर जून गाठू." मग बाइकला किक मारता मारता वळून, "पण काका, तो प्लांट... सोलरवर नाय चालणार?"